व्यवहारी अपूर्णांकाचे दशांश रूप: सुतापासून एक-चौदाच्या उताऱ्यापर्यंत

अपूर्णांकातली रेघ ही भागाकाराची खूण आहे. ३/४ म्हणजे तिनाला चाराने भागायचे. तो भागाकार अजून केलेला नाही, नुसता मांडून ठेवलेला आहे. दशांश रूप काढणे म्हणजे हा राहून गेलेला भागाकार पुरा करणे. एवढे डोक्यात पक्के बसले की ३/४ चे ३.४ होत नाही. ही चूक पाचवीच्या वहीत दिसते तशी मोठ्यांच्या हिशेबातही दिसते.

गोव्यात या गणिताची गाठ रोज पडते. सुतार सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलतो आणि दुकानात माल मिलिमीटरवर मिळतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपण ‘पाऊण किलो’ म्हणतो आणि काट्यावर ०.७५० उमटते. घरच्या जमिनीचा वाटा कागदावर १/६ असतो आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. प्रत्येक ठिकाणी पद्धत तीच, फक्त चुकायच्या जागा वेगळ्या.

आधी शब्द आणि वाचन

रेघेच्या वरचा आकडा अंश, खालचा छेद. गोव्यातली पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. तिथे अंशाचा न्यूमरेटर होतो, छेदाचा डिनॉमिनेटर आणि दशांशाचा डेसिमल. गणित तेच असते, पण शब्द बदलल्यामुळे मूल बिचकते. म्हणून त्या वर्षी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायची सवय लावावी.

दशांश चिन्हाच्या उजवीकडचे पहिले घर दशांशाचे, दुसरे शतांशाचे, तिसरे सहस्रांशाचे. ०.७५ हे ‘शून्य दशांश चिन्ह सात पाच’ असे वाचावे. ‘शून्य पॉइंट पंचाहत्तर’ म्हटले की कानाला पंचाहत्तर ऐकू येते आणि ०.७५ हे ०.८ पेक्षा मोठे वाटू लागते. तुलना करताना घरे सारखी करा: ०.७५ आणि ०.८०. ०.१२५ आणि ०.५ यांतही मोठे ०.५ च, कारण ते ०.५०० आहे.

मराठी माणसाकडे याची निम्मी शिदोरी आधीच असते. पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५, पावणेदोन १.७५, अडीच २.५, औट म्हणजे साडेतीन ३.५. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. आज मुलांना सगळे पाढे पाठ नसले तरी चालेल, पण हे शब्द आणि त्यांची दशांश रूपे मात्र तोंडी हवीत. ‘पावणे’ने मुले हमखास फसतात. पावणेदोनमध्ये दोन ऐकू येतात, म्हणून ती २.२५ किंवा २.७५ लिहितात. पावणे म्हणजे पाव कमी: २ − ०.२५ = १.७५. ‘सव्वा’ म्हणजे पाव जास्त, ‘साडे’ म्हणजे अर्धा जास्त.

मुख्य पद्धत: भागाकार

५/८ घेऊ. छेद ८ हा भाजक, म्हणजे तो बाहेर. अंश ५ हा भाज्य, तो आत. लहान आकड्याला मोठ्याने भाग जाणार नाही असे वाटून बरेच जण उलटे मांडतात आणि ८ ÷ ५ = १.६ काढतात. मांडताना छेद नेहमी बाहेर ठेवायचा, मग तो मोठा असो की लहान.

आठाने पाचाला भाग जात नाही. वर ० लिहा आणि लगेच दशांश चिन्ह द्या. ‘नंतर देऊ’ म्हटले की ते चुकीच्या जागी बसते. आता ५ वर शून्य द्या, म्हणजे ५० झाले. हे शून्य आकाशातून आलेले नाही. पाच रुपये मोडले की दहा पैशांची पन्नास नाणी होतात, तसे ५ एककांचे ५० दशांश झाले. किंमत तेवढीच राहिली, फक्त नाणे लहान झाले. आठ सक अठ्ठेचाळीस, वर ६, बाकी २. हे २ दशांश, त्यांचे २० शतांश. आठ दुणे सोळा, वर २, बाकी ४. त्यांचे ४० सहस्रांश. आठ पंचे चाळीस, वर ५, बाकी ०. उत्तर ०.६२५.

प्रत्येक फेरीत एकच शून्य द्यायचे आणि वर एकच अंक लिहायचा. सर्वांत जास्त चुका या एका ओळीत होतात. ३/४० पाहा. चाळिसाने ३ ला भाग जात नाही, वर ० आणि दशांश चिन्ह. ३ चे ३० दशांश झाले, तरी चाळिसाने भाग जात नाही. इथे वर आणखी एक ० लिहायलाच हवे, कारण दशांशाचे घर रिकामे राहिले आहे. ३० चे ३०० शतांश. सात वेळा २८०, वर ७, बाकी २०. २०० सहस्रांश, पाच वेळा, वर ५, बाकी ०. उत्तर ०.०७५. मधले शून्य गाळले की ०.७५ येते, म्हणजे दहापट. किलोच्या हिशेबात हा ७५ ग्रॅम आणि ७५० ग्रॅम यांतला फरक आहे. काट्यावरही तेच: ५० ग्रॅम म्हणजे ०.०५०, आणि ०.५० म्हणजे अर्धा किलो.

अंश मोठा असला तर आधी पूर्ण भाग निघतो, मग दशांश चिन्ह येते. ३३/१६ मध्ये सोळा दुणे बत्तीस, वर २, बाकी १, आता चिन्ह. १० दशांशांना सोळाने भाग जात नाही, वर ०. १०० शतांशांत सहा वेळा ९६, बाकी ४. ४० मध्ये दोन वेळा ३२, बाकी ८. ८० मध्ये पाच वेळा. उत्तर २.०६२५. इथले शून्य आकड्याच्या मधोमध आहे, म्हणून ते डोळ्यांतून सहज निसटते.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकात, समजा २ ३/८ मध्ये, २ बाजूला ठेवा, फक्त ३/८ चे दशांश काढा आणि जोडा: २.३७५. सगळ्याचा १९/८ करून भागले तरी उत्तर तेच, फक्त कष्ट जास्त.

भागाकार सुरू करण्याआधी अंदाज घ्या. अंश छेदापेक्षा लहान असेल तर उत्तर १ च्या आतच यायला हवे. अंश छेदाच्या निम्म्याहून जास्त असेल तर ०.५ च्या पुढे. ५/८ मध्ये चार हा आठाचा निम्मा आणि पाच त्याहून थोडा जास्त, तेव्हा ०.६२५ पटण्यासारखे आहे आणि १.६ पटण्यासारखे नाही. हा अंदाज घ्यायला दोन सेकंद लागतात आणि निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

छेद दहा, शंभर किंवा हजार करता आला तर

मग भागाकार मांडायची गरज नाही. ७/२० मध्ये वर-खाली पाचाने गुणा, ३५/१०० झाले, म्हणजे ०.३५. १३/२५ ला चाराने गुणा: ५२/१००, ०.५२. ११/४० ला पंचविसाने: २७५/१०००, ०.२७५. छेद ८ असेल तर १२५ ने, १२५ असेल तर ८ ने गुणायचे. ९/१२५ चे ७२/१००० होते आणि इथे सावध राहायचे. हजारात तीन शून्ये, म्हणून चिन्हानंतर तीन घरे भरायला हवीत: ०.०७२. दोनच घरे लिहून ०.७२ करणारे पुष्कळ असतात.

कुठल्याही पद्धतीआधी अपूर्णांक संक्षिप्त रूपात आणावा. ६/१५ मध्ये पंधराने भागत बसण्याऐवजी तिनाने छेदले की २/५, म्हणजे ०.४. गोव्याच्या चलनाच्या इतिहासात याचे छान उदाहरण आहे. पोर्तुगीज राजवटीत इथल्या रुपियेचे १६ तांगे होत. १९५८ साली रुपिया जाऊन एस्कुदो आला, एका रुपियेला ६ एस्कुदो असा दर, आणि एस्कुदोचे १०० सेंतावो. मग एका तांग्याचे किती एस्कुदो? ६/१६. दोनाने छेदून ३/८, म्हणजे ०.३७५ एस्कुदो, साडेसदतीस सेंतावो. सोळाचा भागाकार करायची वेळच येत नाही.

सीमेपलीकडे भारतात १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. आणा १/१६ रुपया, म्हणजे ०.०६२५, सव्वासहा पैसे. पाव पैशाचे नाणे नसल्याने एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे धरले गेले. एका आण्याच्या सहा पैशांना चाराने गुणले तर २४ येतात, २५ नव्हे. आधी पूर्ण आकडा करून मग गुणले की असा पैसा हरवतो. हाच मुद्दा पुढे जमिनीच्या वाट्यात मोठा होऊन येतो.

भागाकार कधी थांबतो, कधी थांबत नाही

हे भागून पाहण्याआधीच सांगता येते. अपूर्णांक संक्षिप्त करा आणि छेदाचे मूळ अवयव पाडा. अवयवांत फक्त २ आणि ५ असतील तर दशांश रूप खंडित, म्हणजे थांबणारे. दुसरा कुठलाही मूळ अवयव आला, ३, ७, ११, काहीही, तर ते अखंड आवर्ती, म्हणजे न थांबता तेच अंक पुन्हा पुन्हा येणारे. कारण सरळ आहे: १०, १००, १००० यांचे अवयव २ आणि ५ हेच असतात, त्यामुळे तिनाला किंवा साताला कितीही गुणले तरी शंभर किंवा हजार होत नाहीत.

किती घरांवर थांबेल हेही कळते. ४० = २ × २ × २ × ५. दोन तीन वेळा, पाच एकदा, यांतले मोठे तीन, म्हणून तीन घरे: ३/४० = ०.०७५. १६ मध्ये दोन चार वेळा, म्हणून चार घरे. हिशेब त्याहून लांबत चालला तर मागे कुठेतरी बाकी चुकली आहे असे समजा. संक्षिप्त करण्याची अट मात्र विसरू नका. ६/१५ चा छेद पाहून ‘तीन आहे, आवर्ती असणार’ म्हटले की फसलात.

आवर्ती का होते ते १/७ मध्ये उघड दिसते. १० मध्ये एकदा, बाकी ३. ३० मध्ये चार वेळा, बाकी २. २० मध्ये दोन वेळा, बाकी ६. ६० मध्ये आठ वेळा, बाकी ४. ४० मध्ये पाच वेळा, बाकी ५. ५० मध्ये सात वेळा, बाकी १. आता बाकी १ आली, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. पुढे तेच अंक त्याच क्रमाने येणार: ०.१४२८५७१४२८५७… साताने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच काही असू शकते, त्यामुळे सातव्या फेरीच्या आत एखादी बाकी पुन्हा यावीच लागते. म्हणून आवर्ती अपूर्णांक करताना बाक्या समासात लिहीत जा. वरचे अंक पाहून ‘पुन्हा आले वाटते’ म्हणणे धोक्याचे असते. बाकी पुन्हा आली की खात्रीने थांबावे.

वहीत पुन्हा येणाऱ्या अंकांवर आडवी रेघ देतात. रेघ नेमक्या त्याच अंकांवर हवी. ५/६ = ०.८३३३… यात रेघ फक्त ३ वर, ८ वर नाही. ७/१२ = ०.५८३३३… यातही फक्त ३ वर. छेदात २ किंवा ५ यांच्यासोबत दुसरा अवयव असेल तर सुरुवातीचे काही अंक आवर्तनाबाहेर राहतात. ६ मध्ये दोन एकदा आहे, म्हणून एक अंक बाहेर. १२ मध्ये दोनदा आहे, म्हणून दोन.

पाठ असावेत असे थोडेच: १/३ = ०.३३३…, २/३ = ०.६६६…, १/६ = ०.१६६६…, १/९ = ०.१११…, १/११ = ०.०९०९०९… नऊ छेद असला की अंश तसाच उतरतो: ४/९ = ०.४४४…

अंक तोडताना

दोन घरांपर्यंत हवे असेल तर तिसऱ्या घरातला अंक पाहा. तो ५ किंवा जास्त असेल तर दुसऱ्या घरात एक मिळवा, नाहीतर तसेच ठेवा. २/३ चे ०.६७, १/३ चे ०.३३. हे काम एकदाच करायचे, टप्प्याटप्प्याने नाही. ५/११ = ०.४५४५… तीन घरांपर्यंत केले तर ०.४५५, आणि त्याचे पुन्हा दोन घरांपर्यंत केले तर ०.४६. मूळ आकड्यावरून थेट दोन घरांपर्यंत केले तर तिसऱ्या घरात ४ आहे, म्हणून ०.४५. बरोबर उत्तर ०.४५ च.

तोडलेल्या आकड्यापुढे बरोबरीचे चिन्ह देऊ नये, ‘सुमारे’ लिहावे. १/३ बरोबर ०.३३ नाही. ०.३३ ला तिनाने गुणले की ०.९९ येते, १ येत नाही.

सूत, इंच आणि मिलिमीटर

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ०.१२५ इंच. दोन सूत ०.२५, तीन ०.३७५, चार ०.५, पाच ०.६२५, सहा ०.७५, सात ०.८७५. एक इंच बरोबर २५.४ मिलिमीटर, हा आकडा अचूक आहे, सुमारे नाही. तेव्हा एक सूत ३.१७५ मिमी.

खिडकीच्या चौकटीचे माप दोन फूट तीन इंच पाच सूत आले. आधी सगळे इंचांत: २४ + ३ = २७ इंच आणि ५/८. दशांशात २७.६२५ इंच. २५.४ ने गुणा: ७०१.६७५ मिमी, म्हणजे सुमारे ७०२ मिमी. घाईत ‘पाच सूत’ म्हणून २७.५ लिहिले तर ६९८.५ मिमी येते आणि माप नेमके एका सुताने कमी पडते. २७.५ इंच म्हणजे सत्तावीस इंच चार सूत. सूत हे आठाच्या घरातले माप आहे आणि दशांशातले पहिले घर दहाचे.

बांधकामावर सळईला सुतात नाव असते: ८ मिमीला अडीच सूत, १० मिमीला तीन सूत, १२ मिमीला चार सूत, १६ मिमीला पाच सूत. गणिताने पाहू. अडीच सूत म्हणजे अडीच भागिले आठ, वर-खाली दोनाने गुणून ५/१६, दशांशात ०.३१२५ इंच, मिमीत ७.९३७५. आठच्या अगदी जवळ. पाच सूत १५.८७५, तेही सोळाच्या जवळ. पण चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी, आणि सळई १२ मिमीची. व्यासात ०.७ मिमीचा फरक दिसायला लहान, पण सळई आडवी कापली तर दिसणाऱ्या गोलाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालते, आणि १२.७ मिमीचे क्षेत्रफळ १२ मिमीपेक्षा सुमारे १२ टक्के जास्त भरते. म्हणून बोलताना सूत चालते, पण नकाशावरचे माप आणि सळईची मागणी मिमीतच लिहावी.

पाइपात तर गणिताने काढलेले उत्तर थेट वापरूच नये. अर्धा इंच = १२.७ मिमी हे खरे आहे, पण पाइपचा ‘अर्धा इंच’ हे नाव आहे. सीपीव्हीसीच्या (एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास ५/८ इंच, म्हणजे सुमारे १५.९ मिमी असतो. भिंतीला भोक पाडायचे तर व्हर्निअरने किंवा पट्टीने मोजलेला बाहेरचा व्यास घ्या.

जमिनीचे वाटे

दशांश घाईने काढल्याचा सर्वांत मोठा फटका इथे बसतो. गोव्यातल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या कागदावर, क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा तीन घरांत येते, मध्ये टिंबे. ०.१२.७५ म्हणजे ० हेक्टर, १२ आर, ७५ चौरस मीटर. एका हेक्टरचे १०० आर, एका आरचे १०० चौरस मीटर, म्हणून १२०० + ७५ = १२७५ चौरस मीटर. हेक्टरांत लिहायचे तर १२७५/१००००, म्हणजे ०.१२७५. उताऱ्यावरची टिंबे ही दशांश चिन्हे नव्हेत. ०.०५.०८ याचे ५०८ चौरस मीटर होतात, ०.०५०८ हेक्टर. दोन्ही शून्ये गाळून कोणी ०.५८ हेक्टर वाचले तर ५८०० चौरस मीटर होतील, अकरापटींहून जास्त.

आता वाटे. समाईक मालमत्तेच्या पद्धतीत नवरा-बायकोचा प्रत्येकी अर्धा हिस्सा. एकाच्या मागे जोडीदार आणि तीन मुले असली आणि गेलेल्याचा अर्धा हिस्सा मुलांत सारखा वाटला, तर जोडीदाराकडे १/२ आणि प्रत्येक मुलाकडे १/२ चा तिसरा भाग, म्हणजे १/६. प्रत्यक्ष वाटणीत कायद्याच्या आणखी गोष्टी असतात. इथे आपण फक्त आकडेमोड पाहतो आहोत.

१/६ चे दोन घरांपर्यंत ०.१७ केले. १२७५ ला गुणले: २१६.७५ चौरस मीटर. तीन मुलांचे ६५०.२५, जोडीदाराचे ६३७.५, बेरीज १२८७.७५. जमीन १२७५ आणि वाटे १२८७.७५. पावणेतेरा चौरस मीटर जमीन कागदावर नवी तयार झाली. उलट ०.१६ धरले तर २०४ चौरस मीटर येतात आणि चौघांची बेरीज १२४९.५ होते, म्हणजे साडेपंचवीस चौरस मीटर कोणाचेच नाहीत. अपूर्णांक तसाच ठेवून १२७५ ला सहाने भागले तर २१२.५, अगदी अचूक, एकही अंक तोडावा लागत नाही.

म्हणून क्रम असा: आधी अपूर्णांकांतच बेरीज-गुणाकार करा, वाट्यांची बेरीज १ येते का पाहा (१/२ + १/६ + १/६ + १/६ = १), मग क्षेत्राला अंशाने गुणा, मग छेदाने भागा. दशांश सर्वांत शेवटी. पिढ्या वाढतात तसे हे जास्त महत्त्वाचे होते. त्या मुलांपैकी एकाच्या १/६ ची पुन्हा तशीच वाटणी झाली, जोडीदार आणि दोन मुले, तर जोडीदाराला १/१२ आणि मुलांना १/२४ प्रत्येकी. १/२४ = ०.०४१६६६… कोणी ०.०४ धरले तर ५१ चौरस मीटर. खरा वाटा १२७५ ÷ २४ = ५३.१२५.

कधीकधी उत्तर तोडावेच लागते. सात सारखे वाटे असतील तर १२७५ ÷ ७ = १८२.१४२८५७… प्रत्येकाला १८२.१४ दिले तर बेरीज १२७४.९८, म्हणजे ०.०२ उरतात. ते उघड लिहून दोन वाट्यांत घाला: पाच वाटे १८२.१४ चे आणि दोन १८२.१५ चे. बेरीज नेमकी १२७५.०० होते. बेरीज जुळत नाही तोवर कागद पुढे पाठवू नये.

टिंब असते, पण दशांश नसतो

क्रिकेटमध्ये १२.३ षटके म्हणजे १२ षटके आणि ३ चेंडू. षटकात सहा चेंडू, म्हणून १२ ३/६ = १२.५. शंभर धावा झाल्या असतील तर धावगती १०० ÷ १२.५ = ८. थेट १२.३ ने भागले तर ८.१३ येते, तेही चूक.

पाच फूट चार इंच म्हणजे ५.४ फूट नव्हे. ५ ४/१२, म्हणजे सुमारे ५.३३ फूट. एक तास पंचेचाळीस मिनिटे म्हणजे १.४५ तास नव्हे, १ ४५/६०, म्हणजे १.७५. तासाला २०० रुपये मजुरी असेल तर १.७५ ने ३५० रुपये होतात आणि १.४५ ने २९०. माणसाच्या हक्काचे साठ रुपये एका टिंबात जातात. एककाचे किती लहान भाग पडतात, बारा, साठ की सहा, तो आकडा छेदात ठेवा आणि मगच दशांश काढा.

कॅल्क्युलेटर आणि संगणक

कॅल्क्युलेटरवर अंश आधी, मग भागाकाराची कळ, मग छेद. १ ३/४ साठी ३ ÷ ४ = करून त्यात १ मिळवा. १, ३, ÷, ४ अशा कळा ओळीने दाबल्या तर १३ ÷ ४ होते आणि ३.२५ येते. २ ÷ ३ केल्यावर पडद्यावर शेवटी ७ दिसला तर तो यंत्राने अंक तोडताना केलेला बदल आहे, आवर्तनाचा भाग नाही.

एक्सेलमध्ये रकान्यात नुसते ३/४ लिहिले तर ते तारीख समजते. आधी बरोबरीचे चिन्ह द्या, =३/४ असे, म्हणजे ०.७५ येईल. अपूर्णांक म्हणूनच दाखवायचा असेल तर शून्य, मोकळी जागा आणि मग ३/४ लिहा. रकान्यात ०.१७ दिसत असले तरी आत पूर्ण ०.१६६६… असू शकते, कारण दिसणारी घरे कमी केल्याने आतला आकडा तुटत नाही. कागदावर उतरवलेल्या ०.१७ ने हातांनी केलेला गुणाकार आणि एक्सेलचा गुणाकार जुळत नाही तो यामुळे. एक्सेलमधला आकडाच खरोखर तोडायचा असेल तर राउंड हे सूत्र वापरावे लागते.

जुने पोर्तुगीज कागद

घरात १९६१ पूर्वीचे दस्तऐवज असतील तर चिन्हे उलटी वाचावी लागतात. पोर्तुगीज पद्धतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब. २१२,५० म्हणजे २१२.५० आणि १.२७५,०० म्हणजे बाराशे पंचाहत्तर. नुसते १.२७५ लिहिलेले असेल तर ते सव्वा चौरस मीटरच्या आसपासचे क्षेत्र नव्हे, बाराशे पंचाहत्तरच. आपल्याकडचा स्वल्पविराम हजार-लाख वेगळे करतो, म्हणून नक्कल करताना आधी सगळे आकडे आपल्या पद्धतीत लिहून काढा, शेजारी मूळ आकडा जसाच्या तसा ठेवा, आणि मगच वाट्यांचा भागाकार मांडा.

आलेले उत्तर तपासायला छेदाने परत गुणा. ०.६२५ × ८ = ५, अंश परत मिळाला, म्हणजे दशांश बरोबर. आवर्ती उत्तर तोडलेले असेल तर अंश किंचित कमी किंवा जास्त येतो: ०.१४३ × ७ = १.००१. तीन घरांपर्यंत तोडल्यावर फरक जास्तीत जास्त छेदाच्या ०.०००५ पट, म्हणजे साताला ०.००३५ इतका असू शकतो. त्याहून जास्त आला तर भागाकार पुन्हा करा.